मधातली जागा

बाबूजी, कर्र… कर्र… खट्. आधी ती बारीक कर्रकर्र, अंगठ्यानं रोल पुढे सरकवल्याची. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग तो खट्. तुमच्या कॅमेऱ्याचा हा आवाज मागच्या अंगणातून आला की माझ्या दोन्ही पोरी हातातलं टाकून धावायच्या, थोरली फ्रॉकला हात पुसत आणि धाकटी एकाच पायात चप्पल घालून. मी ऑफिसातून यायचो तेव्हा कोणी तसं धावल्याचं मला आठवत नाही. फाटकापाशी मी सायकलची घंटी मुद्दाम जरा जास्तच वाजवायचो. आतून तुमची सून म्हणायची, "आले वाटते," बस, एवढंच.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा झालोय. राजापेठेतलं घर तेच आहे, फक्त भोवती सगळे क्लासेस झालेत. संध्याकाळी गल्लीत पोरांच्या गाड्या अशा लागतात की दूध आणायला मला आडवं होऊन चालावं लागतं. धाकटीनं इथेच अमरावतीत नवं घर बांधलं. त्या घराच्या पुढच्या खोलीत एक अख्खी भिंत तिनं तुमच्यासाठी ठेवली आहे. आबाजीनं, म्हणजे तुम्ही, काढलेले फोटो मोठे करून लावणार म्हणे. परवा आली आणि उभ्या उभ्याच बोलली, "बाबा, तुमचा अन् आबाजीचा एक फोटो द्या ना. भिंतीच्या मधोमध तोच लावू." मी म्हणालो, "आहे ना. देतो शोधून." अगदी सहज म्हणालो. ती गेल्यावर माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली, आणि तेव्हापासून मी तिच्यापुढेच बसलो आहे. पेटीत तसा फोटो नाही, हे मला झाकण उघडायच्या आधीच माहीत होतं. तरी एकेक निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून पाहतो. काळ्या चेहऱ्यांच्या, पांढऱ्या केसांच्या माझ्या पोरी त्यात हसत असतात, आणि मी पुढची पट्टी उचलतो.

पोरींना जे बाबूजी मिळाले ते मला मिळाले नाहीत, हे तुम्हाला आता सांगायला हरकत नसावी. मला मिळाले ते अकोल्याच्या जिनिंगमधले, कापसाची प्रत ठरवणारे. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ताणायचा, डोळे बारीक करून धागा पाहायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा, की मालक आणि शेतकरी दोघंही गप्प. घरीही तसंच. आई गेल्यावर तुम्हीच भाकरी टाकायचे, पहाटे, भोंगा व्हायच्या आधी. माझ्या ताटात भाकर ठेवायचे आणि म्हणायचे, "खाय, अन् जाय शाळेत." त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. पण त्या वेळचा तुमचा चेहरा आठवू पाहतो तर पाठच आठवते, चुलीकडे वाकलेली. मग तुम्ही रिटायर झालात, स्टुडिओ बंद करणाऱ्या एका मित्राकडून जुना कॅमेरा घेतला आणि दर दुसऱ्या शनिवारी दुपट्ट्यात कॅमेरा गुंडाळून अकोल्याहून एसटीनं येऊ लागलात. एकदा आमच्या स्वयंपाकघरात थोरली तिची पहिली भाकर थापत होती. नाकाला पीठ लागलेलं, भाकर कसली, नकाशाच. तुमची सून ओरडली, "बाबूजी, तव्यावरची जळून राहिली!" आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या मागून म्हणालात, "जळू दे व. भाकर उद्या बी होईन, हे नाक उद्या असं नाही राहणार." मी दारात उभा होतो. हे वाक्य बोलणारा माणूस कोण, असं मला खरंच वाटलं.

कवितेचंच घ्या. शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत. सकाळी दूध वर येताना एखादी ओळही वर येते, आणि तुमची सून दोन्हीकडे लक्ष ठेवते. चौथीत असताना गॅदरिंगला मी पाखराची एक कविता चालीवर म्हटली होती. तुम्ही पाळी संपवून आला होता, मागच्या भिंतीला टेकून उभे, केसांत कापसाचे तंतू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना रेल्वे फाटकापर्यंत तुम्ही काहीच बोलला नाहीत. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, आणि तिच्या खडखडाटात तुम्ही म्हणालात, "आवाज बरा आहे. पण हात कावून हलवत होता? नाटक कंपनीत जायचं हाय का तुले?" त्या दिवसापासून मी कविता म्हणताना हात मागे बांधतो. आजही. ती कविता मीच थोरलीला शिकवली, आणि ती एका शनिवारी अंगणात तुमच्यापुढे म्हणू लागली तेव्हा तुम्ही गुडघे टेकून बसला होता आणि सांगत होता, "हात हलव माय, हात! पाखरू उडून राहिलं ना? मंग उडव ना!" तिनं असे हात उडवले की फोटोत ते धूसर आलेत, पंखासारखे. पाहणारे म्हणतात, वा, काय फोटो आहे! धाकटीच्या भिंतीवर तोही लागणार आहे. मला तो पाहवत नाही, बाबूजी. तो फोटो निघाला तेव्हा मी दारात उभा होतो, हात मागे बांधून.

आणि एका दिवाळीत, पोरी नव्या फ्रॉकमध्ये रांगोळीपुढे बसल्या होत्या. मलाही काय वाटलं कोण जाणे, मी जाऊन त्यांच्या मधे बसलो. केस नीट केले. तुम्ही कॅमेरा खाली घेतलात.

"तू ऊठ."

"कावून?"

"तिघांचा काढत नाहीत."

मला हसूच आलं. मांजर आडवी गेली म्हणून शेजारचे गृहस्थ घरी परतायला निघाले की तुम्हीच फाटकातून म्हणायचे, "मांजरीले इचारा ना, तिले तुमी आडवे गेले तर ते कोठी जाऊन सांगते!" असा माणूस तिघांच्या फोटोला भितो? मी उठलो. धोतरावरची रांगोळी झटकली. तुमची सून आली असती तर चौघं झालो असतो, पण ती म्हणाली, "माय, माझ्या केसाचा अवतार पाहा," आणि आत गेली. पुढे मी नुसता त्या बाजूनं गेलो तरी तुम्ही हातानंच खूण करायचे, हो बाजूला. मी मनाशी ठरवून टाकलं की हे निमित्त आहे. तुम्हाला तुमच्या चौकटीत मी नको आहे.

आणि मग तुम्हीच नियम मोडलात. जामाच्या झाडाखाली बाज टाकलेली, ऊन उतरतीचं. तुम्ही पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या हातात दिलात. "धर. हलू नको. श्वास रोखून दाब." आणि जाऊन बाजेवर बसलात. पोरी दोन्हीकडून बिलगल्या. मी म्हणालो, "बाबूजी, तिघं होतात."

"होऊ दे. मधात मी बसतो. पोरीहो, तुमी कडेले सरका."

थोरलीनं तुमच्या खांद्यावर डोकं टाकलं. म्हणजे नियम माझ्यापुरता होता तर. क्षणभर मनात आलं की कॅमेरा जरा खाली धरावा आणि तुमचं डोकं कापून टाकावं फोटोतून. पण श्वास रोखला होता, दाबलं. फोटो असा आला की पेटीतल्या सगळ्यांत तोच चांगला. पाहणारा म्हणतो, आबाजी कसे खुशीत आहेत! काढला कोणी, हे आजवर एकानंही विचारलं नाही. त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात.

काल तो फोटो हातात घेऊन बसलो होतो. तुमची सून समोर तुरीची डाळ निवडत होती. सुपातली मान वर न करता म्हणाली, "तिघातलं मधातलं जाते म्हणतात. म्हणून ते मधात बसले. तुमाले नाही बसू दिलं."

बार्शीटाकळीच्या आत्यानं लहानपणी सांगितलेली गोष्ट मला तेव्हा आठवली, जी मला कायमच ठाऊक होती आणि जी मी या बाजेशी कधी जोडलीच नव्हती. मी तान्हा, नुकता बसायला लागलो तेव्हा तुम्ही आईला आणि मला घेऊन स्टुडिओत गेला होता. आई मधे बसली होती. पुढच्या दिवाळीला ती नव्हती, आणि तो फोटो तुम्ही आत्याच्या देखत चुलीत घातला. मांजरीला हसणारा माणूस त्या एका गोष्टीला हसू शकत नव्हता.

"इतके वर्स," तुमची सून सूप पाखडत म्हणाली, "मेलेल्या माणसावर जळून राहिले तुमी. अन् सोताच्या पोरीवर बी."

पटलं, बाबूजी. एका क्षणात पटलं. पण पटलं म्हणजे विझलं असं होत नाही, निदान माझं तरी झालं नाही. तुम्ही मला वाचवत होता, ठीक. पण ते बापाचं गणित झालं, आणि ते तुम्ही मला न विचारता मांडलं. मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, जे व्हायचं ते होऊ दे, मला तुमच्या मांडीला मांडी लावून त्या बाजेवर बसू द्या. पोरींना न मागता मिळालं ते. आणि दोघांच्या फोटोला तर कोणाची बंदी नव्हती ना? दोघांचा काढता आला असता. तुमच्या सुनेनं बटण दाबलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. मीही म्हणालो नाही. आपण दोघंही फाटकापाशी मालगाडी जायची वाट पाहत उभे राहिलो, इतकंच.

इथवर लिहिलं आणि दाराची कडी वाजली. मला वाटलं शेजारचं कोणी. दार उघडलं तर थोरली. अकोल्याहून, एकटी, खांद्याला पिशवी. ना फोन, ना निरोप. तिला दिवाळीलाही सुटी मिळत नाही, मोठ्या हुद्द्यावर आहे.

"तू कशी काय?"

"आई म्हणे तुमी जेवून नाही राहिले. पेटी घेऊन बसले म्हणे."

"धाकटीले फोटो पाहिजे. शोधून राहिलो."

ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली. तुम्ही कापूस ताणून पाहायचे तशी ती माणसाकडे पाहते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

"नाही आहे ना, बाबा?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं पिशवी खाली ठेवली. तिची नजर टेबलावरच्या या कागदांकडे गेली. "कोणाले लिहून राहिले?"

"तुझ्या आबाजीले."

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "काय लिहिलं?"

"तक्रार."

"कोणाची?"

ती आता आत हातपाय धुते आहे, नळ सुरू आहे, तेवढ्यात हे लिहून घेतो. चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या माझ्या लेकीला, तिच्या तोंडावर, मी खरं ते सांगून टाकलं, बाबूजी. मी म्हणालो, "तुझी."