हळू आवाजात

दिग्रस,
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. मथुरा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कापसाचा पहिला वेचा घरी आला, वाचून बरं वाटलं. इकडची मोठी बातमी म्हणजे आमच्या लेकीनं, सुरभीनं नागपूरहून मले नवा स्मार्टफोन पाठवला. बहिऱ्याले फोन म्हणजे टकल्याले कंगवा, असं मी तिले कळवणारच होतो. जिनिंगच्या मशिनीपाशी सारी नोकरी झाली, कान तिथंच राह्यले. म्हणून तर तुझीमाझी पत्रं अजून चालू आहेत.

पहिल्याच दिवशी फोननं अंगठा मागितला. माझ्या अंगठ्याच्या रेघा कधीच्या झिजल्या, तो काही ओळखेना. शेवटी तुझ्या वहिनीचा, शकुचा अंगठा दिला. आता फोन माझा अन् कुलूप तिचं! व्हॉट्सअ‍ॅपवर गल्लीचा ग्रुप आहे. त्यात सकाळी इतके गुलाब येतात की फोनले वास सुटायले पाहिजे.

पण त्यात एक अ‍ॅप आहे, समोरचा बोलतो ते लिहून दाखवणारं. शेजारचे उत्तमसिंग आले तेव्हा फोन मधात ठेवला, तर त्यांचं बोलणं जसंच्या तसं मराठीत उमटलं. वऱ्हाडी मात्र त्याले धड कळत नाही. कायले म्हटलं की काळे लिहितो. शकु भाकर थापून राह्यली होती, ती म्हणे थांबून राहिली. तरी अर्थ लागते. काल चौकातल्या चहाच्या टपरीवर गेलतो. आधी सगळे हसले की मी मागून हसायचो, अंदाजानं. काल सगळ्यांसोबत हसलो.

एक मात्र समजत नाही. शकु त्याच्यासमोर बोलत नाही. फोन पुढं धरला की पदर सावरून आत निघून जाते. काहून तसं, तूच सांग.

जवाईबापूंना नमस्कार. आजवर माया केली, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा
पंजाबरावदादा


मुकुटबन,
१७ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट दुखेपर्यंत हसली. फोनचं कुलूप वहिनीच्या हाती गेलं हे उत्तमच झालं, घराचं तर आधीपासूनच तिच्या हाती आहे. आमच्या घरी फोन पोरांच्या हातून सुटत नाही, म्हणून मले आपलं हे पत्रच बरं.

आता एक लिहिते, रागावू नका. दिवाळीत आली तेव्हा वहिनी मले वाळल्यासारखी दिसली. फळीवरचा डबा स्वतः काढायची, तर मले काढायले सांगत होती. विचारलं तर थकवा आहे म्हणाली. दादा, तुमच्या घरात ओरडून सांगता येईल तेवढंच बोललं जाते. बाकीचं कुठं जात असेल? वहिनीले लिहिता येते ते सहीपुरतं.

फोन तिच्यापुढं धरू नका. धरला की पोलिसानं जबाब घेतल्यासारखं वाटते. नुसता ठेवून द्या, अन् बसून राहा. घाई करू नका.

तुमचा हात डोक्यावर आहे, तो तसाच राहू द्या.

तुमची धाकटी
मथुरा


दिग्रस,
१० जानेवारी २०२५

चि. सौ. मथुरा,
आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणाली तसंच केलं. दुपारी आम्ही दोघं ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलो. फोन परातीजवळ ठेवून दिला अन् तिकडं पाह्यलंही नाही. आधी ती शेंगांबद्दल बोलली, यंदा दाणा बारीक आहे म्हणे. मग तिचे ओठ अगदी थोडे हलले. फोनवर उमटलं, छातीत गाठ आहे.

मले वाटलं, फोन पुन्हा चुकला. गायीचं काही बोलली असेल, गावचं असेल. चष्मा पुसला अन् तिले विचारलं. तिनं पदराआड हात ठेवून जागा दाखवली. फोन चुकला नव्हता.

दिवाळीच्या आधीपासून आहे म्हणाली. सांगितलं काहून नाही, असं मी विचारलं, तर म्हणाली की कसं सांगू, ओरडून? साऱ्या गल्लीले ऐकू गेलं असतं. सुरभी दोन जिवांची, तिच्या जिवाले कायले घोर लावू. मथुरा, माझ्या हातातली शेंग हातातच राह्यली. इतकी वर्षं मी समजत होतो की बहिरेपणा माझा एकट्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं यवतमाळले गेलो. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. फोन त्यांच्या टेबलावर ठेवतो म्हटलं तर त्या हसून हो म्हणाल्या, अन् सावकाश बोलल्या. शकुचे कान शाबूत, पण भीतीनं तिच्या डोक्यात एक शब्द शिरला नाही. मग बाहेर बाकावर बसून मीच तिले फोनवरचं सारं पुन्हा वाचून दाखवलं. तुकडा काढून तपासायले पाठवला. ऑपरेशन लागतेच. महिनाअखेरची तारीख दिली आहे. सुरभीले काल सांगितलं, रडली, मग सावरली.

मी घाबरलो नाही असं नाही. पण आता काय करायचं ते माहीत आहे. जमलं तर ये.

तुझा
दादा


मुकुटबन,
१६ जानेवारी २०२५

ती. दादा-वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं तर कायले? मी येऊन राह्यली. कापूस तुमचे जवाईबापू पाहतील, स्वयंपाक सूनबाई पाहील. वहिनीले सांगा, तिची चुलीजवळची जागा मी थोडे दिवस घेते, परत मागायले तिनं उठून यावं.

बाकी भेटीत.

मथुरा


दिग्रस,
९ मार्च २०२५

चि. सौ. मथुराबाई,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे. मी बोलून राह्यली, फोन लिहून राह्यला, अन् तुझे दादा ते कागदावर उतरवून राह्यले. फोन चुकला की मले विचारतात. स्वतःच्या मनचं काही घालायचं नाही, अशी ताकीद दिली आहे.

तू गेल्यावर टाके सुकले. गाठीचा रिपोर्ट तर तुझ्यासमोरच आला, वाईट जातीची निघाली. परवा पुढचे रिपोर्ट दाखवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दुसरीकडं कुठं पसरली नाही, वेळेत आल्या. दवा बरेच दिवस चालेल, केस जातील म्हणे. जाऊ दे, उन्हाळ्यात डोक्याले गार वाटेल.

तू मले विचारलं होतं ना, मी फोनसमोरून उठून काहून जायची? तेव्हा मी सांगितलं नाही, आता सांगते. मले वाटे, तोंड उघडलं की पहिला शब्द तोच निघेल. म्हणून उघडतच नव्हती. आता इतकी बोलते की तुझे दादा म्हणतात, फोन तापते.

पण एक गोष्ट आपण धरलीच नव्हती. मी हळू बोलते ते खरं, पण उत्तर तर हे ओरडूनच देतात! माझं दुखणं साऱ्या गल्लीले यांच्या तोंडून कळलं. आधी मी फार चिडली, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी उत्तमसिंगची सुखीबाई वाटीभर भाजी घेऊन आली. दार लोटून घेतलं, माझ्याजवळ बसली, अन् माझा हात धरून स्वतःच्या काखेजवळ लावला. तिलेही गाठ आहे, मथुराबाई. कोणाले सांगितलं नव्हतं, नवऱ्यालेही नाही. तिचा नवरा तर चांगला ऐकते.

मी तिले म्हटलं की रडू नको, मले तो रस्ता माहीत आहे. उद्या सकाळच्या बसनं तिले घेऊन यवतमाळले जाते. तुझे दादाही येतात, पण त्यांना फोन घेऊन मागच्या सीटवर बसवणार आहे. पुढं आम्हा दोघी बायांले हळू बोलायचं आहे.

तू केलेलं विसरणार नाही. अशीच धावून येत जा, आता आम्हीही येऊ.

तुझी
शकुवहिनी