यीजेनच्या कमरेचं हाड

चियायी,
मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही दोघं बरी असाल असं धरून चालते. तू पाठवलेले सुके मासे मिळाले, पण एकटीला पुरून उरतील इतके कशाला पाठवतेस? शनिवारपासून थंडीची लाट येणार म्हणतात. तळ्याला वाऱ्याच्या बाजूने आडोसा आत्ताच बांधून घ्या, मागच्या खेपेसारखे मासे उलटे तरंगेपर्यंत थांबू नका. भाऊजींचा खोकला कमी आहे का?

फोन सोडून हिला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुला वाटेल. फोन केला की तू रडतेस, मग भाऊजी फोन घेतात, मग त्यांची नि माझी जुंपते आणि सांगायचं ते राहूनच जातं. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुझ्या यीजेनचं ऑपरेशन चांगलं झालं. दोन लांब स्क्रू बसवलेत. पायाची बोटं हलवते, लघवीची जाणीव आहे, हे फार मोठं आहे. शुक्रवारी घरी सोडणार. तिच्या सासूबाईंनी गाडी सांगून ठेवली आहे.

माझं काम तुला माहीत आहे. अंधाऱ्या खोलीत बसून हाडांचे फोटो बघायचे, कुठलं हाड कुठे आणि कसं मोडलं ते ठरवायचं, त्याचा प्रकार लिहायचा. भाऊजी म्हणतात, 'माणसांशी बोलायला नको म्हणून घेतलेली नोकरी.' खोटं नाही ते. का मोडलं हे मला लिहावं लागत नाही.

यीजेनचा फोटो माझ्याकडे आला तेव्हा तातडीच्या विभागातल्या डॉक्टरने मोडीचा प्रकार ठरवून टाकला होता. बाळंतीण आहे, न्हाणीघरात घसरली, म्हणजे कमजोर हाड. पोरगा चुकला तरी मूर्ख नाही. कमरेच्या मागचं ते त्रिकोणी हाड, आम्ही त्रिकास्थी म्हणतो, बाळंतपणानंतर खरंच कधी कधी तडकतं. पण तो तडा बारीक असतो, बहुतेक एकाच बाजूला, उभा. यीजेनचं हाड दोन्ही बाजूंना उभं फाटलंय आणि मधून आडवं, इंग्रजी यू अक्षरासारखं. पाठीचा कणा कंबरेपासून सुटा झाला होता. मी प्रकार बदलून लिहिला.

टाचांबद्दल तुला कोणी बोललं का? दोन्ही टाचा चुरल्यात. तू आलीस तेव्हा पायांवर पांघरूण होतं. तिच्या सासूबाई बोलत होत्या आणि तू मान डोलवत होतीस.

ताई, तूच विचार कर. महिनाभर बाळंतिणीला आंघोळ करू देत नाहीत, आल्याच्या पाण्याने अंग पुसतात. मग ती न्हाणीघरात घसरली कशी? आणि घसरणारा माणूस ढुंगणावर पडतो. दोन्ही टाचा चुरायला उंचावरून पायांवर पडावं लागतं. या मोडीला जुन्या पुस्तकांत एक नाव आहे. ते मी अहवालात लिहिलं नाही, नुसतं 'यू आकार' लिहिलं. ते नाव उडी मारणाऱ्यांवरून पडलंय.

आता लिहून झालं.

काल दुपारी तिच्या सासूबाई बाळाला पाजायचं दूध आणायला खाली गेल्या, तेव्हा मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "यीजेन, मी तुझा फोटो पाहिलाय."

"मग मावशी, तुला कळलंच असेल," ती म्हणाली. "आईला नको सांगूस."

सासरी कोणी तिला मारलं नाही. उलट रोज तिळाच्या तेलातली कोंबडी रांधून घातली. वारा बाधतो म्हणून खिडक्या बंद. डोळे बिघडतात म्हणून फोन काढून घेतला. बाळ रात्रभर रडायचं, आणि हिला मात्र बाळंतिणीने रडायचं नसतं म्हणून डोळे पुसायला लावायचे. सगळं प्रेमाने. मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हाही सासूबाई खोलीतून हलल्या नाहीत, आणि ही म्हणाली, घसरले. मी त्या बाईंना खरं काय ते सांगितलंय. पण डॉक्टर औषध देतील, घर कुठून देणार?

पडायच्या आधी तिने नवऱ्याच्या फोनवरून तुला विचारलं होतं ना, आई, मी येऊ का? तू म्हणालीस, महिना उलटल्याशिवाय बाळंतिणीने दुसऱ्याचा उंबरा ओलांडू नये, अशुभ असतं, त्या घराला लागतं. थोडे दिवस कळ काढ. आपल्या आईनेही तुला हेच सांगितलं होतं. मी तुला बोल लावत नाही. खरं म्हणजे लावते. पण भांडायला उभा जन्म पडलाय, शुक्रवार मात्र तीन दिवसांवर आलाय.

माझ्याकडे चल म्हटलं तर नको म्हणते. "मावशीकडे गेले तर लोक म्हणतील, आईने टाकली." अशा अवस्थेतही तिला तुझ्या नावाची काळजी. मला भीती वाटते, ताई. ती त्याच घरात, त्याच बंद खोलीत परत गेली तर पुढचा फोटो माझ्याकडे येणार नाही. तशांचा फोटो काढत नाहीत.

निघताना तिने हात धरला. म्हणाली, "मावशी, तळ्याकाठची पंपाची खोली आहे ना, ती काही घर नव्हे. तिथे राहिले तर आईच्या घराला काही लागणार नाही. तेवढं विचारशील?"

मी म्हटलं, विचारते.

ते विचारायलाच हे पत्र. उत्तर मला पाठवू नकोस. शुक्रवारी सासूबाईंची गाडी यायच्या आत तू स्वतः ये आणि तिला सांग, कुठल्या दाराने यायचं ते.

तुझी धाकटी,
बीयुन