नळीवरची खूण

गिरीज, वसई
१२ जानेवारी २०२५

चि. ॲनिशा हिस प्लासिडकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. इकडे सगळे ठीक. काकूने वांगी लावली आहेत आणि जेवढं लक्ष वांग्यांवर तेवढंच माझ्यावर आहे.

बातमी अशी, की माझ्या रक्तात ते जास्तीचं प्रथिन निघालं. तुझ्या पप्पांच्या रक्तात होतं तेच. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नव्हे, पण होऊ शकतो. आकडा वाढतोय, तेव्हा कमरेच्या हाडातला मगज काढून तपासू. तारीख दिली होती, ती मी पुढे ढकलली. कारण तू.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच दिवशी तुमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठीही माझं एक नळी रक्त घेतलं. नंबर बघून घ्या म्हणून नर्सने नळी हातात दिली, तेव्हा मी खिशातल्या पेनाने तिच्यावर आपल्या वाडीची खूण केली, अर्धा चंद्र आणि दोन रेघा. दादरच्या बाजारात शंभर घडांत आपला केळीचा घड अशाच खुणेने ओळखतात. मग शंभर नळ्यांत तुला काका सापडणार नाही का? बघून कळव. तू सांगशील तरच ती सुई टोचून घेईन.

तुझा,
प्लासिडकाका

पुणे
२० जानेवारी २०२५

ती. काका यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग डोकं धरून बसले. अहो, त्या नळ्यांवर मुद्दाम नुसता नंबर असतो. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळलं, की त्याला हवं तेच दिसायला लागतं. मी पत्र तसंच आमच्या मॅडमना दाखवलं. तुमची नळी अभ्यासातून बाद झाली. शोधायला मलाच पाठवलं, कारण खूण ओळखणारी इथे मी एकटीच. पप्पा गेल्यापासून मी ती पाहिली नव्हती. शीतपेटीसमोर उभ्या उभ्या रडू आलं. यंत्र दोन पावलांवर होतं. तरी मी नळी तपासली नाही.

तपासली असती तरी सांगण्यासारखं काही नव्हतं. रोगाशी लढणारी जी प्रतिपिंडं रक्तात असतात, त्यांच्यावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. (चहाच्या साखरेशी संबंध नाही, काकूला डबा लपवू देऊ नका.) रक्ताचा कॅन्सर होऊ घातला, की या साखळ्यांची ठेवण आधीच बदलते, असं आम्हाला वाटतं. नुसतं वाटतं. खरं ठरायला कदाचित दहा वर्षं जातील. डॉक्टरांची सुई आज सांगते.

पप्पांची पाठ दोन वर्षं दुखत होती आणि आपण सगळे म्हणत राहिलो, वाडीत वाकून काम केलं की दुखायचीच. त्यात मीही होते. मला पुन्हा तसं म्हणायचं नाही. तारीख घ्या. रागावलात तर रागवा, पण आशीर्वाद बंद करू नका.

तुमची,
ॲनिशा

गिरीज
२९ जानेवारी २०२५

चि. ॲनिशास एमिलीकाकूचे आशीर्वाद.

काकांनी तुझं पत्र दोनदा वाचलं, बायबलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, पोरीने बघितलंय, वाईट आहे म्हणून सांगत नाही. मी म्हटलं, तिने बघितलं असतं तर पत्राची वाट न बघता ती स्वतःच येऊन धडकली असती. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलणं नाही. आज मात्र आपणहून तारीख घेतली आणि शेजारच्या ग्लेनला गाडी काढायला सांगितली. मी सोबत आहे, काळजी नसावी.

तुझी,
काकू

गिरीज
२ मार्च २०२५

चि. ॲनिशास अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. हाडं आणि मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत. आणखी वर्षभर टाळलं असतं तर असं म्हणता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारपासून औषध सुरू. मला भीती वाटते. हे तुला लिहितो, काकूला सांगितलेलं नाही.

तुझा राग आला होता, कबूल करतो. यंत्र दोन पावलांवर आणि हिला काकासाठी एवढं जमेना! पण त्या टेबलावर पालथा पडलो, तेव्हा लक्षात आलं, की तू बघून ‘बरं आहे’ म्हणाली असतीस तर मी इथे आलोच नसतो.

औषधाआधी संशोधनासाठी पुन्हा एक नळी द्याल का, असं नर्सने विचारलं. तुझ्या मॅडमची परवानगी होती. दिली. नंबर बघायला नळी हातात आली, पेनही खिशात होतं. खूण केली नाही. तुझ्या हाती आलीच तर कुणाचीही समजून नीट तपास.

लोभ तेवढा खूण ओळखून करावा.

तुझा,
प्लासिडकाका