गळ्यात निळा मफलर

तेत्सुरोदादा,

फुटबॉलच्या निळ्या संघाच्या चाहत्याशी, काझुमाशी, लग्न केलं म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. आज तोक्योत चषकाच्या अंतिम सामन्यात तुझा नारिंगी संघ आमच्यासमोर होता. शेवटच्या क्षणी तुमचा गोल झाला आणि मी, गळ्यात निळा मफलर घालून, उभी राहून टाळ्या वाजवू लागले. आजूबाजूचे सगळे निळे मफलरवाले वळून माझ्याकडे बघू लागले. मी लाजून खाली बसले.

काझुमा म्हणाला, "माहेर काही सुटत नाही तुझं." हरल्यामुळे त्याचे डोळे भरलेले होते, तरी हसला. "उद्याच दादाकडे जाऊ. जिंकलेला माणूस फार वेळ रागावून बसत नाही."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या हातातच देईन. सकाळच्या गाडीने आम्हीच येतोय. काझुमाला थोडं चिडवलंस तरी चालेल.

तुझी धाकटी,
सायोको