बुडून वर आलेली गाडी

९ मार्च, शनिवार

पास! पास! पास! एकसष्टाव्या वर्षी लायसन! परीक्षा घेणारी बाई म्हणाली, "गाडी मागं घेताना तुम्ही डोळे मिटता." म्हटलं, "मिटत नाही हो, प्रार्थना करते." हसली आणि सही करून टाकली.

अल्सीड बाहेर त्याच्या ट्रकला टेकून उभा होता. हे टुमणं त्याचंच — "गाडी शिक पोरी, गाडी शिक." एकसष्ट वर्षांची मी, पण थोरल्या भावाला अजून पोरच. नवरा होता तोवर त्यानं फिरवलं, तो गेल्यावर अल्सीडनं. बाजार, चर्च, दवाखाना — प्रत्येक वेळी "अल्सीड, येतोस का रे?" त्या वाक्याचा मला वीट आला होता. संपलं ते आज!

घरी येऊन कोळंबीचा गंबो, आमचं दाट कालवण, केला. दोघांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं.

१२ मार्च

लेकीचा, जॅनेलचा, लाफायेतहून फोन. बाळ मेच्या मध्याला. आणि जावईबापू नेमके तेव्हाच समुद्रात, तेलविहिरीवर. रजा नाही म्हणे.

"आई, मला दवाखान्यात कोण नेणार गं?"

"मी नेणार!" तोंडातून निघूनच गेलं.

लेक आधी हसली. मग म्हणते, "कशात घालून?"

खरंच की. लायसन आहे, गाडी कुठाय? इथून तिच्या घरी अडीच तास. आता गाडी हवीच. काहीही होवो, लेकीला दवाखान्यात मीच नेणार.

१६ मार्च, शनिवार

घेतली!!

पुलापलीकडच्या एका माणसाकडून. हसला की गालाला खळी पडते त्याच्या. गाडी लहानशी, चंदेरी निळी, बांगड्याच्या पाठीसारखी. पाहताक्षणी जीव जडला. किंमत ऐकली आणि कानांवर विश्वास बसेना. अशी गाडी याच्या दुप्पट पैशांत मिळत नाही.

म्हटलं, "एवढी स्वस्त का? ठोकलीय का कुठं?"

"छे छे! आईशप्पथ नाही. थोडी पाण्यात होती, एवढंच."

मी आणि अल्सीडनं एकमेकांकडं पाहिलं आणि खो खो हसलो. पाणी! आमच्या बायूच्या, या संथ खाडीच्या, काठावर पाण्यात न गेलेली एक वस्तू दाखवा. माझा फ्रीज दोन वादळांत तरंगला, आजही बर्फ करतो. चर्चमधला पियानो तीनदा बुडालाय. धुवायचं, उन्हात ठेवायचं, वापरायचं. मला तर हायसं वाटलं. ठोकलेली असती तर भीती. ही तर आमच्यातलीच निघाली.

तरी अल्सीडनं तपासलीच. बोटीचा तळ तपासतात तशी — तळहात फिरवून, डोळे मिटून. चाळीस वर्षं कोळंबीची बोट चालवली त्यानं. इथले सगळे जुने लोक बोट घेताना असंच करतात. खालून, वरून, दारांच्या कडा, सगळं चाचपलं. मग सीटांचा वास घेतला. मग मालकीचा कागद हातात घेतला, मान डोलावली, घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला. "ठीक आहे सगळं." कागदपत्रं आमच्या घरात पहिल्यापासून तोच बघतो.

येताना म्हणाला, "तू पुढं हो, मी मागून येतो." मी पुढं! आयुष्यात पहिल्यांदा!

१७ मार्च

डावीकडं वळलं की हॉर्न वाजतो. आपोआप.

१९ मार्च

आता रेडिओ लावला की काच पुसायची पाती हलायला लागतात. गाण्याच्या तालावर, अगदी बरोब्बर! अल्सीड म्हणाला, "निदान तुझ्यापेक्षा बरी नाचते."

डावीकडच्या हॉर्नमुळं अख्ख्या गावाला वाटतं मी हाक मारतेय. सगळे हात करतात. परवा ज्या बाईशी मी दोन वर्षं बोलत नव्हते तिनंही केला. मग काय, मीही केला.

२६ मार्च

विम्याच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीनं कागद पाहिला आणि भुवया वर.

"बाई, ही मोडीत काढलेली गाडी आहे."

म्हणजे असं — टेक्सासच्या किनाऱ्यावर ही समुद्राच्या पाण्यात बुडाली. तिथल्या विमा कंपनीनं मालकाला पैसे दिले आणि गाडी भंगार म्हणून लिहून टाकली. मग कुणीतरी लिलावात घेतली, पुसूनपासून उभी केली, आणि ती खळी पाडत माझ्या गळ्यात बांधली. आता विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा. माझी गाडी गेली तर माझं नशीब. विकायला काढली तर कुणी निम्मेही देणार नाही.

"कागदावर लिहिलंय हे?"

तिनं बोट ठेवलं. वरच्या बाजूला. ठळक अक्षरांत. पाच वर्षांच्या पोरालाही दिसेल असं! मी मेलीनं पर्समधून बाहेरच काढला नव्हता.

निघताना म्हणाली, "एअरबॅग आहेत का तेवढं बघून घ्या हं."

अल्सीडला फैलावर घेतलं. "डोळे काय खिशात ठेवले होतेस?" तो म्हणाला, "सुटलं नजरेतून." कॉफी अर्धी टाकून निघून गेला. एरवी माझ्या एका शब्दाला चार परत करतो. जास्तच बोलले की काय?

पण जाऊ दे. पाणीच ना शेवटी! मला गाडी आवडते.

२१ एप्रिल, रविवार

काय दिवस! अजून हसतेय.

आज बोटींना आशीर्वाद. हंगाम सुरू व्हायच्या आधी दरवर्षी असतो तसा. सगळ्या बोटी पताका लावून रांगेत, फादर ट्यान पुढच्या बोटीवर, हातात पवित्र पाण्याची बादली. आणि मी ठरवलं — गाडीलाही आशीर्वाद. का नाही? जॅनेलला न्यायचंय तिच्यातून. टपाला पताका बांधल्या, आरशाला कागदी फुलं, आणि काठावरच्या रस्त्यानं बोटींच्या बरोबरीनं निघाले. शेजारी अल्सीड, नवा शर्ट घालून.

चर्चच्या वळणावर डावीकडं वळले. हॉर्न वाजला. आणि थांबेचना! सरळ केली तरी पों पों पों. बंद केली तरी पों! अल्सीड ओरडतोय, "वायर ओढ! वायर ओढ!" कुठली वायर?

तेवढ्यात पहिल्या बोटीनं उत्तर दिलं. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी! अख्ख्या बायूवर भोंगे. लोकांना वाटलं, ओडलीनंच, म्हणजे मीच, सुरू केलं, यंदा असंच करायचं असेल. पोरं नाचायला लागली. फादर ट्यान काठाला आले, कानात बोटं घालून हसत होते. म्हणाले, "ओडली, हिला चार थेंबांनी काही होणार नाही." आणि अख्खी बादली ओतली टपावर.

पाणी पडलं आणि हॉर्न बंद!

चमत्कार म्हणाले सगळे. मीही म्हणाले. उकडलेल्या झिंग्यांवर ताव मारत दहा जणांना सांगितलं की माझी गाडी आता देवाच्या विम्यात आहे.

२३ एप्रिल

अल्सीड ऐकेना. "आशीर्वाद झाला, आता टी-रॉयला दाखव." आमच्या बोलीत टी म्हणजे लहान. आमच्या चुलतभावाचा मुलगा, हा लहान रॉय, पन्नाशीचा आहे आणि दारातून आडवा आत येतो. पण गाड्यांतलं त्याला कळतं.

त्यानं स्टिअरिंगचं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि हातातला पाना खाली ठेवला.

"आत्या, इकडं ये."

एअरबॅगच्या जागी एक बनियन. कुणाचा तरी जुना बनियन, नीट घडी घालून कोंबलेला! पलीकडच्या सीटसमोर तेही नाही — नुसतं पोकळ.

मग खालची चटई उचलली. वायरी हिरव्या पडलेल्या, बोट लावलं की भुगा. "गोडं पाणी असतं तर वाळली असती गं. खारं पाणी आत बसून खात राहतं. आज हॉर्न गेला, उद्या ब्रेकचं गेलं तर?"

हे मला माहीत नव्हतं? मला? जिचा बाप, भाऊ, नवरा रोज संध्याकाळी बोट गोड्या पाण्यानं धुवायचे? खारं पाणी लोखंड खातं हे मी बोलायला लागायच्या आधी शिकले असेन. पण चार चाकं दिसली आणि सगळं विसरले. बोट नाही ना, गाडी आहे!

पलीकडच्या सीटवर जॅनेलला बसवलं डोळ्यांसमोर. पोटावर हात ठेवून, समोर ती पोकळी. टी-रॉयच्या शेडमध्ये मागं जाऊन रडले. पोटभर रडले. मग बाहेर येऊन म्हटलं, "काढ बॅटरी. ही आता रस्त्यावर न्यायची नाही."

अल्सीड दारात उभा होता. चेहरा असा की त्याचंच काही मेलंय. मी म्हटलं, "अरे, तुझा काय दोष? मीही पाहिलीच होती की." तरी मान खालीच.

२९ एप्रिल

खळीवाल्याचा फोन बंद. अर्थातच.

एक दलाल आला होता. म्हणे, कागद शेजारच्या राज्यात फिरवून आणू, तो भंगाराचा शिक्का धुऊन निघतो, मग चांगल्या किमतीत जाईल. तुमचे पैसे परत!

क्षणभर मोह झाला. झाला, खोटं का लिहू? पण मग वाटलं, कुणाची तरी जॅनेल बसेल त्या बनियनसमोर. त्याला सांगितलं, "धुवायचंच असेल तर आधी तोंड धुऊन या." गेला.

टी-रॉय चाकं आणि चांगले भाग काढून घेणार आहे. उरलेल्या गाडीत कोंबड्यांनी आत्ताच बस्तान मांडलंय. एक मागच्या सीटवर अंडंसुद्धा घालून गेली. चला, कुणाला तरी लाभली!

पण जॅनेलला काय सांगू?

३ मे

अल्सीडनं ट्रकची किल्ली टेबलावर ठेवली. "हा घेऊन जा लेकीकडं. मी शेजारी बसतो."

मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता! त्या ट्रकला त्यानं सख्ख्या मुलालाही हात लावू दिला नाही कधी.

"मग तूच चालव ना," म्हटलं.

"हमरस्त्यावर मला कंटाळा येतो."

घाबरत घाबरत बसले. केवढा उंच! बोटीच्या सुकाणूवर बसल्यासारखं वाटलं. दुपारभर चालवला. एक टपालपेटी पाडली. बाकी उत्तम!! जॅनेलला फोन केला — "मी येतेय. एअरबॅगवाल्या गाडीतून." पलीकडून हसण्याचाच आवाज, मग रडण्याचा, मग परत हसण्याचा.

१० मे

पहाटे फोन. कळा सुरू! लवकर! निघतोय.

११ मे

नात झाली. सात पौंड, डोकंभर काळे केस. घरापासून दवाखान्यापर्यंत लेकीला मीच नेलं.

काल मोठ्या पुलाच्या अलीकडं रस्ते फुटले. मला गोंधळल्यासारखं झालं. म्हटलं, "अल्सीड, पाटी वाच, लाफायेतला कुठून?" तो डोळे चोळायला लागला. परत ओरडले. तेव्हा म्हणाला, "अक्षरं दिसत नाहीत पोरी, सगळं धूसर. दीड वर्ष झालं. आपला बायूचा रस्ता पाठ आहे म्हणून चाललं. तो गाडीचा कागद मी नुसता हातात धरला होता."

पाटी मी वाचली. उजवीकडं वळले.

ट्रकची किल्ली मी परत दिलेली नाही. त्यानंही मागितली नाही.