कुलमंदिरात न घ्यायचं नाव

२ मे
ठरलं. आमच्या कुळाच्या मूळ पूर्वजाच्या जयंतीला वाचन वानछिंग करणार. मी नाही!

कुलमंदिरात त्याची शिकवण वाचायचा मान आजवर पुरुषांचाच. यंदा पहिल्यांदा मुलगी — आणि तीही ही. चोवीस वर्षांची. मी सत्तावीस. पण पिढीने ती माझ्या वडिलांच्या ओळीतली, म्हणून मी तिला आत्या म्हणायचं!

"यिंगशू, आमच्यात मोठेपण पिढीने मोजतात," थोरले पणजोबा म्हणाले. सगळे हसले. ती जास्त.

४ मे
कुलमंदिराच्या लाकडी खांबांतला ओलावा मोजला; डागडुजीचं काम माझ्याकडे. चौदा टक्के. ठीक. खांबांसाठी मी लागते, वाचनाला नाही.

शिकवण मला लहानपणापासून पाठ आहे. हाव कमी असेल तर ध्येय दिसतं. मन शांत असेल तर लांबचा पल्ला गाठता येतो. अठराशे वर्षांपूर्वी ज्याने राज्य चालवलं, लढाया आखल्या, त्या माणसाने मुलाला सांगितलेलं.

वानछिंगचा सराव ऐकला. पहिल्या वाक्यापुढे जातच नाही. जमत नाही तिला! बरं वाटलं.

७ मे
मन शांत नाही.

८ मे
वानछिंग गरम बाव, वाफवलेले सारणाचे पाव, घेऊन आली. "भाचीबाई, वाचनाआधीचं माझं मनोगत तपास ना. तुझ्या नजरेतून चूक सुटत नाही."

दुसऱ्याच ओळीत पूर्वजाचं नाव. आडनावासकट, सरळ! कुलमंदिरात वंशजाने ते उच्चारायचं नसतं. 'महामंत्री' म्हणायचं. ही शांघायमध्ये वाढलेली, तिला कोण सांगणार?

"ठीक आहे," मी म्हणाले.

बाव छान होते.

११ मे
घेतलं तिने नाव. खणखणीत आवाजात. हातात उदबत्त्या धरून सगळं कूळ उभं. मग मागून एक काकू: "अगं बाई! नावच घेतलं की हिने!"

वाचन तिथेच थांबवलं. वानछिंगला काही कळेना. माझ्याकडे बघत होती. मी खांबाकडे.

तेवढ्यात थोरले पणजोबा पहिल्या ओळीतून निघाले. "चुकीच्या माणसाला लढाईवर पाठवलं, तेव्हा महामंत्र्यांनी स्वतःला पदाने तीन पायऱ्या खाली उतरवलं. हिला मी निवडलं. रीत न सांगता उभं केलं, तेही मीच." आणि तीन ओळी मागे येऊन, चौथ्या ओळीत उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचे. माझ्या शेजारी.



१२ मे
वानछिंगला बसपर्यंत सोडायला गेले. डोळे सुजलेले, तरी हसत होती. "तुला सांगायचं राहूनच गेलं, भाचीबाई. मनोगत आणि पहिलं वाक्य एवढंच माझं होतं. पुढची सगळी शिकवण तू वाचणार होतीस. पणजोबांना किती मनवलं मी! ऐन वेळी ते तुला हाक मारणार होते. तुझा चेहरा बघायचा होता गं."

"आत्या —" म्हणाले. पुढचं वाक्य मला येईना.