ठिपका चिखली रोडने

१२ एप्रिल, शनिवार
आजपासून लोकेशन दिवसातून एकदाच बघायचं. सकाळी चहाबरोबर. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला तिचा संसार आहे. बापाने दिवसभर नकाशावर डोळे लावून बसणं शोभत नाही.

तसं हे शेअरिंग करिष्मानेच सुरू केलं. हिवाळ्यात तिची आई, वच्छला गेली. तेरवी झाल्यावर निघताना पोरीने माझा मोबाईल घेतला, काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही मले दिसान अन् मी तुमाले दिसीन." मग रडली. मीही चष्मा पुसला.

तिच्या फोटोचा गोल ठिपका दिसतो. बॅटरीचे टक्केसुद्धा दिसतात. फोन करून 'कशी आहेस' विचारायची गरजच उरली नाही. फोन केला की दोघंही गप्प बसतो. ठिपक्याचं तसं नसतं.

१३ एप्रिल
एकदाच बघितलं. झोपताना बघितलं ते धरत नाही. चार्जिंगला लावताना दिसलं.

१७ एप्रिल
दुपारी तिची बॅटरी नऊ टक्के. जीव खालीवर. चार्जर विसरली असेल. चारच्या सुमारास ऐंशी झाली, मग जेवलो.

२० एप्रिल, रविवार
शेजारचा मोतीराम आला होता. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. वच्छलाच्या नावाची पहिली घागर भरायची, म्हणजे लेक हवीच. मोतीराम म्हणाला, "नारायणभाऊ, मूळ धाडलं का?"

लेकीला अखाजीला आणायला माहेरचं माणूस जायचं, नाहीतर निदान जावयाला मानाने फोन करायचा, हे आमच्याकडचं मूळ. मी म्हटलं, जुन्या पद्धती आहेत. तो म्हणाला, "बिनामुळाची पोरगी कशी येईन हो? अन् जवाईबापूचं काय?"

जवाईबापू म्हणजे गजेंद्र. अकोल्याचा. करिष्माने स्वतः पसंत केला. त्या वेळी मी म्हणालो होतो की हा माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. रागात बोललो. आता तो विसरलाही असेल. वच्छलाच्या मातीला आला तेव्हा बाहेर रस्त्यावरच उभा राहिला होता, पण त्या दिवशी घरात गर्दीच फार होती.

उद्या गजेंद्रला फोन करतो.

२१ एप्रिल
केला नाही. सोमवारी ऑफिसात कामं असतात.

२४ एप्रिल
रेंज नव्हती. म्हणजे होती, पण एकच काडी.

२७ एप्रिल
खामगावच्या बाजारातून घागर आणली, वर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणलं. आंबेही आणले, करिष्माला आवडतात.

येताना नीट विचार केला. लेक कुठे आहे हेच कळायचं नाही, त्या काळात मूळ ठीक होतं. मला ती रोज दिसते. तिला मी दिसतो. आता वेगळं काय बोलवायचं? आईची पहिली घागर आहे, आपणहून येईल. फोन केला तर उलट वाटायचं, बापाला भरवसा नाही.

मोतीरामला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अहो, नकाशा काय पाहून राह्यले? फोन लावा." शिकलेला नाही फारसा.

२९ एप्रिल, मंगळवार, दुपारी
ठिपका निघाला. सकाळीच पुण्याबाहेर, आता संभाजीनगरच्या पुढे. मी म्हणालो नव्हतो?

मोतीरामच्या घरी जयमालावहिनींना सांगितलं, संध्याकाळी वांग्याची भाजी नि भाकरी करा, माणसं येऊन राहिली आहेत. जावईही असणार. असू दे. त्याच्यासाठी खुर्ची पुसली. तो उंबऱ्यापाशी थांबला तर 'या जवाईबापू' म्हणायचं. एकट्यानेच म्हणून बघितलं. पहिल्यांदा नुसतं 'या' झालं, मग जमलं.

थोड्या वेळाने
देऊळगाव राजा. आता चिखली, मग सरळ खामगाव. मी चिखली रोडच्या फाट्यावर जातो. आपल्या गल्लीचा रस्ता खोदून ठेवला आहे, त्यांना वळण सापडणार नाही. ऊन फार आहे, वच्छलाची जांभळी छत्री घेतो.

संध्याकाळी
रसवंतीसमोर उभा होतो. गजेंद्रची गाडी पांढरी, एवढंच माहीत. पांढऱ्या गाड्या पुष्कळ. दिसेल तिला हात केला. एकाने काच खाली करून मलाच शेगावचा रस्ता विचारला.

एकदा तिचा ठिपका माझ्या ठिपक्यावर आला. दोघं एका जागी. बरं वाटलं. मान वर करून बघितलं तर ट्रक होता, मागे दोन-तीन गाड्या, आणि मग नेट अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा ठिपका बाळापूरकडे.

अकोल्याच्या वाटेवर. म्हणजे मोबाईल चुकून गजेंद्रच्या खिशात गेला असणार. ती पुण्यातच असेल बिचारी, मोबाईलशिवाय.

भाजी मोतीरामकडेच ठेवा म्हणून सांगितलं. भूक नव्हती.

३० एप्रिल, अखाजी
घागर भरली. एकट्यानेच. वर डांगर ठेवलं. वच्छला, लेकीला आणायला मी जायला पाहिजे होतं, तू असतीस तर मला हाताला धरून धाडलं असतंस. रडू आवरलं नाही. मोतीराम आला तेव्हा म्हणालो, चुलीचा धूर गेला डोळ्यांत.

ठिपका दिवसभर अकोल्यात.

दिवेलागणीला करिष्माचा फोन आला. म्हणाली, सुट्टी नाही मिळाली, पुण्यातच आहे. मी म्हणालो, हाव, मले माहीत आहे. 'जवाईबापू बरे आहेत ना' हे ओठांपर्यंत आलं होतं. तिकडे मागे पुष्कळ माणसं जेवत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

ठेवताना एवढंच म्हणाली, "बाबा, उन्हात असे रोडवर नका उभे राहत जाऊ. अन् आईची ते छत्री फाटली एका बाजूनं. नवी घेऊन घ्या."

छत्रीचं मी तिला काहीच बोललो नव्हतो. लोकेशनवर बॅटरी दिसते, तशी आता छत्रीही दिसत असेल. फाटलेली बाजूसुद्धा. बरंच सुधारलं आहे.

उद्या मोतीरामला विचारतो, असं दिसतं का म्हणून.

नको. नाही विचारत.